इंजिनात वायसर पडला? आधी किकवरचा पाय काढा!

टेंभुर्णी (ता. जाफराबाद) : डेअरीला दूध घालायचे, दवाखाना गाठायचा, शेतात खताची गोणी न्यायची, सगळे मोटारसायकलवरच. त्यामुळे प्लग साफ करणे, ऑइल बदलणे ही कामे बरेच जण घरीच ओट्यापुढे करतात. अशा वेळी हातातून वायसर, नट किंवा लॉक निसटून इंजिनात गेला की पोटात गोळा येतो. "बघू तर चालू होते का" म्हणून पाय किकवर जातो, आणि नुकसान तिथेच होते.

किक का मारायची नाही?

स्प्लेंडरसारख्या ९७.२ सीसी गाडीचा सिलिंडर फक्त ५० मिलिमीटर रुंद असतो. पिस्टन पूर्ण वर आला की हेडपाशी फारच थोडी जागा उरते. गाडी जागेवर नुसती चालू असली तरी इंजिन मिनिटाला साधारण १४०० फेरे घेते, म्हणजे पिस्टन सेकंदाला २३ वेळा वर येतो. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आणि वायसर लोखंडी. पिस्टनला खड्डे पडतात, वॉल वाकतो, ब्लॉकला रेघा पडतात. मग बिनखर्चाचे काम हजारोंवर जाते.

म्हणून चावी काढून खिशात ठेवा. गाडी गॅरेजला न्यायची तर न्यूट्रलमध्येच ढकला. गिअरमध्ये ढकलली तरी इंजिन फिरते, हे लक्षात ठेवा.

वस्तू गेली कुठे?

प्लगच्या भोकातून पडलेली वस्तू सिलिंडरमध्ये पिस्टनच्या डोक्यावर असते. स्प्लेंडरसारख्या गाडीचा ब्लॉक जवळपास आडवा असल्याने ती खालच्या भिंतीवर पडून राहते. हेड खोलताना निसटलेला बोल्ट टायमिंग चेनच्या बोगद्यातून खाली मॅग्नेटच्या बाजूला उतरतो. पिस्टन बसवताना उडालेला गजन पिनचा लॉक ब्लॉकखालच्या तोंडातून थेट क्रँकपाशी जातो. कार्ब्युरेटर काढलेला असताना पडलेला स्क्रू इनटेकच्या नळीत अडकतो. नेमके कोणत्या भोकातून पडले, हे मेकॅनिकला आधी सांगा. त्याचे निम्मे काम तिथेच होते.

काढायची कशी?

आधी टॉर्चने पाहा. मोबाईलला जोडायचा बारीक वायरचा कॅमेरा कुणाकडे असेल तर प्लगच्या भोकातून आतले सगळे दिसते.

वस्तू लोखंडी असेल तर चुंबक चालते. लांब दांड्याचे चुंबक गॅरेजवाल्याकडे असते. नसेल तर जुन्या स्पीकरच्या चुंबकावर लोखंडी तार एकाच दिशेने घासून घ्या, हलका वायसर तिला चिकटतो. मात्र सिलिंडरची आतली भिंतही बहुतेक गाड्यांत लोखंडीच असते, त्यामुळे तार भिंतीलाच चिकटत राहते. तारेवर प्लॅस्टिकची नळी चढवून फक्त टोक उघडे ठेवा. तारेचे टोक वाकवू नका, नाहीतर आत रेघ पडेल.

पितळ, तांबे, अ‍ॅल्युमिनियम आणि प्लगची चिनी माती चुंबकाला लागत नाही. तिथे काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून वस्तू त्यावर चिकटवून काढतात. काडी मोडणार नाही अशीच घ्या, नाहीतर एकाच्या जागी दोन वस्तू आत जायच्या.

वस्तू खाली क्रँककडे गेली असेल तर ऑइल स्वच्छ भांड्यात फडक्यातून गाळून काढा. कधी वस्तू ऑइलबरोबर येते, कधी मॅग्नेटचे किंवा क्लचचे कव्हर खोलावे लागते. तिथेही नसेल तर इंजिन उतरवून दोन भाग करावे लागतात. हे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे.

"पडले असेल बाहेर कुठे तरी" चालत नाही

वस्तू सापडत नाही, संध्याकाळ झालेली असते, गिऱ्हाईक घाई करते. मग "निघाली असेल, चालवा" म्हणून गाडी जोडली जाते. धोका इथे आहे. आत राहिलेला लॉक कधीतरी दातऱ्यांमध्ये सापडतो आणि इंजिन जाम होते. गाडी वेगात असेल तर मागचे चाक तिथेच अडकते. मागे बायको, पुढे लेकरू बसलेले असते. असे झाले तर लगेच क्लच दाबायचा, पण दर वेळी तेवढा अवधी मिळत नाही.

म्हणून हिशेब जुळल्याशिवाय इंजिन बंद करू नये. दोन वॉलच्या इंजिनात वॉलचे लॉक चार असतात, तर चार मोजून दाखवा. लॉक तुटला असेल तर तुकडे जुळवून पूर्ण होतो का ते पाहा. गिऱ्हाइकानेही "काय पडले होते, दाखवा" असे सरळ विचारावे. एक दिवस उशीर झाला तर चालेल. वस्तू निघाल्यावर प्लग काढलेलाच ठेवून मॅग्नेटच्या नटाला गोटी पाना लावा आणि इंजिन हाताने सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवा. चार स्ट्रोकचा एक फेरा तेव्हा पूर्ण होतो. कुठे अडले तर जोर न लावता थांबा.

पडूच नये म्हणून

प्लग खोलण्याआधी भोवतालची माती फुंकून काढा. इंजिनाचे उघडे तोंड स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने बंद करा. नट-वायसर जमिनीवर न ठेवता ताटलीत मोजून ठेवा. पिस्टनचा जुना लॉक पुन्हा वापरू नका, त्याचा ताण गेलेला असतो. आणि दिवेलागणीच्या अंधारात इंजिन उघडू नका.