इस्तंबूलची झांज, कॅनडाचं गाव

ड्रमसेटवर उंच टांगलेली ती पितळेसारखी दिसणारी थाळी तुम्ही पाहिली असेल. सिम्बल. तिच्यावर काठी पडली की काय ऐकू येतं? ‘छ्न्न’ असं आपण म्हणून मोकळे होतो. पण पुढच्या वेळी नीट कान द्या. आधी काठीचा ‘टक्’ येतो, मग एक खोल घुमारा, आणि त्या घुमाऱ्यातून वर वर चढत जाणारी, हजार घुंगरांसारखी झळाळी. काठी एकदाच पडली, मग हे सगळं आलं कुठून?

अशा कितीतरी सिम्बलवर ‘साबियन’ हे नाव छापलेलं असतं. या थाळ्या पूर्व कॅनडात, न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मेडक्टिक नावाच्या गावात तयार होतात. सेंट जॉन नदीच्या काठचं, नकाशावर बोटानं शोधत बसावं लागेल एवढं लहान गाव. तिथं जगभरच्या वादकांसाठी झांजा बनतात आणि त्या बनवण्याची विद्या गावात आली ती थेट इस्तंबूलहून. या विद्येचं वय चारशे वर्षं!

इस्तंबूलला अवेदिस नावाचा एक आर्मेनियन किमयागार होता. तांबं, कथील आणि काय काय वितळवून सोनं करायच्या खटपटीत होता. सोनं काही झालं नाही. पण १६१८ च्या सुमाराला त्याच्या मुशीतून असा एक धातू निघाला, की त्याची पातळ थाळी ठोकली तरी तुटेना आणि वाजवली की नाद थांबता थांबेना. सुलतानाच्या फौजेपुढे नगारे, सनया आणि झांजा घेऊन ‘मेहतर’ नावाचा वाद्यवृंद चालायचा. त्या दणदणाटानंच शत्रूच्या पोटात गोळा यावा, ही त्यामागची युक्ती. तिथं अवेदिसच्या झांजा पोचल्या. सोन्याच्या शोधात निघालेल्या माणसाला नाद सापडला!

सुलतानानं त्याला नाव दिलं, असं हे घराणं सांगतं. ते नाव उलगडून पाहा. तुर्कीत ‘झिल’ म्हणजे झांज. ‘जी’ म्हणजे ती करणारा. त्यापुढचा ‘यान’ मात्र आर्मेनियन, म्हणजे अमक्याचा वंशज. झिलजियान: झांजवाल्याचे वंशज. आपल्याकडे धंद्यावरून लोहार, सोनार, तांबट अशी आडनावं पडली, तसंच हे. फक्त या एका आडनावात दोन भाषा शेजारी बसल्या आहेत, जुन्या इस्तंबूलच्या गल्लीत तुर्क आणि आर्मेनियन बसत तशा. १६२३ मध्ये त्यानं स्वतःची भट्टी घातली.

आता त्या धातूकडे येऊ, कारण खरी जादू तिथं आहे. शंभर भागांत ऐंशी भाग तांबं आणि वीस भाग कथील. ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. हे आपलं कासं! आजी पायाला तूप लावून ज्या वाटीनं तळवे घासायची, त्या काशाच्या वाटीत कथील थोडं जास्त, बावीस भागांच्या आसपास असतं. आणि काशाचं भांडं हातातून निसटलं की आजी का ओरडायची, तेही आठवा. पितळेला पोचा येतो, काशाला तडा जातो. तांबं मऊ, कथील त्याहून मऊ. पण दोन मऊ धातू या प्रमाणात एकत्र आले की काचेसारखं ठिसूळ काहीतरी तयार होतं.

मग जी वस्तू पडली तर फुटते, तिच्यावर वर्षानुवर्षं काठ्या कशा मारायच्या?

लोखंड लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, हे लोहाराच्या भात्याजवळ उभ्या राहिलेल्या पोरालाही ठाऊक असतं. कासं बरोबर उलट वागतं! सातशे अंशांच्या आसपास तापवून ते झटकन पाण्यात बुडवा, ते कमी ठिसूळ होतं आणि हातोडा सोसू लागतं. याचं कारण वेळेत आहे. धातू सावकाश निवला तर आतल्या तांब्याच्या आणि कथिलाच्या अणूंना हलायला सवड मिळते आणि ते एक कडक, ठिसूळ रचना उभी करतात. एकदम गार केलं की ती रचना उभारायला त्यांना वेळच मिळत नाही. जत्रेत लोक कोंडाळी करून बसायच्या आत पाऊस यावा आणि जो तो होता तिथंच थिजून उभा राहावा, तसं काहीसं.

म्हणून ओतलेली जाडजूड चकती भट्टीत तापवायची, रुळांखाली लाटायची, पुन्हा तापवायची, पुन्हा लाटायची. पोळीसारखी फिरवत, असं अनेकदा. मग मधोमध वाटी काढायची, तापवून पाण्यात बुडवायची, आणि सुरू करायची ठोकाठोक. हातानं ठोकलेल्या एका थाळीवर हजारो घाव पडतात. प्रत्येक घाव त्या जागेपुरता धातू दाबतो, ताणतो. दोन घाव हुबेहूब सारखे पडत नाहीत, म्हणून दोन थाळ्याही सारख्या वाजत नाहीत. शेवटी चरकावर धरून वरचा काळा थर सोलायचा. त्या बारीक गोल रेघा उमटतात त्या इथं.

तांब्या-कथिलाचं प्रमाण आज कुणीही सांगेल. घराण्यानं जपलेलं गुपित आहे ते मिसळण्याचं. ते घराण्यातच पिढ्यानपिढ्या जात राहिलं. एका अवेदिसनं १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी स्वतःचं शिडाचं जहाज बांधून झांजा नेल्या. त्याच्याही आधी, १७८२ मध्ये, मोझार्टनं तुर्की जनानखान्यातली गोष्ट ऑपेरात मांडताना वाद्यवृंदात झांज घातली होती. सुलतानाच्या रणवाद्याला युरोपच्या नाट्यगृहात जागा मिळत चालली होती. पुढे १९०९ मध्ये आणखी एक अवेदिस अमेरिकेला गेला आणि बोस्टनकडे गोळ्या-चॉकलेटांच्या धंद्यात पडला. तिथं त्याला काकानं गाठलं, की आता वारसा तू सांभाळ. १९२९ च्या सुमाराला कारखाना उभा राहिला, नेमका जॅझच्या ऐन बहरात. हा योग मला अजूनही विलक्षण वाटतो. फौजेसाठी जन्मलेला धातू नाचगाण्याच्या हाती पडला.

कॅनडातला कारखाना १९६८ चा. मेडक्टिकमध्ये तो याच घराण्यानं घातला, आणि पुढच्या काही वर्षांत इस्तंबूलच्या शाखेतले कारागीर तिथं आले. बॉस्फरसच्या काठची माणसं, हिमवर्षावात बुडणारं गाव, आणि स्थानिकांच्या हाती दिलेला हातोडा! ही विद्या पुस्तकात मावणारी नव्हती. किती जोरानं, कुठं, कोणत्या कोनात मारायचं, हे शेजारी उभं राहून पाहायचं, ऐकायचं आणि चुकत चुकत शिकायचं.

अमेरिकेला गेलेल्या अवेदिसनं गुपित आपल्या दोन्ही मुलांना सांगितलं होतं, आर्मंडला आणि रॉबर्टला. १९७९ मध्ये बाप गेला आणि भावांचं फाटलं. कोर्टकज्जे झाले. मोठ्या आर्मंडकडे अमेरिकेतला कारखाना आणि घराण्याचं नाव राहिलं. धाकट्या रॉबर्टला मेडक्टिक मिळालं. पण स्वतःचंच आडनाव थाळीवर घालायची त्याला मुभा नव्हती. साडेतीन शतकं ज्या नावावर झांज वाजली ते नाव गेलं! मग त्यानं आपल्या तीन मुलांकडे पाहिलं: सॅली, बिली, अँडी. प्रत्येकाची सुरुवातीची अक्षरं घेतली, आणि झालं साबियन. मला यातलं सगळ्यात हृद्य हे वाटतं, की पूर्वजांच्या नावाची जागा मुलांच्या नावांनी भरून काढली.

आणि ती झळाळी? आपला टाळ जाड आणि लहान. तो ठरलेल्या सुरात किणकिणतो. सिम्बल रुंद आणि पातळ. काठी पडते तेव्हा आधी मोठ्या, संथ लाटा उठतात. पण पत्रा इतका पातळ, की जोराच्या थरथरीत त्या लाटा सुट्या राहू शकत नाहीत. एकमेकींत अडकतात, मोडतात, त्यातून लहान लाटा, त्यांतून आणखी लहान. धबधब्याचं पाणी खडकाखडकावर फुटत तुषार व्हावं, तशी ताकद खालच्या सुरांकडून वरच्या सुरांकडे जाते. घाव बसल्यानंतर सुमारे ५० ते १०० मिलिसेकंदांनी वरचे सूर ऐन भरात येतात. पापणी लवते तेवढ्यात. म्हणजे ती झळाळी काठीनं थाळीत घातलेली नसते. काठी उचलली गेल्यावर ती आतल्या आत जन्मते, आणि आपल्या कानांना तो एवढासा उशीर कळतो!