माळवदाचे घर

मराठवाड्यातील एखाद्या जुन्या गावात गेलात, तर दगडमातीची, सपाट छपराची घरे तुमच्या दृष्टीस पडतील. या छपरास माळवद असे म्हणतात. लाकडी तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्यांचा किंवा काटक्यांचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असते. भिंतीही तशाच रुंद असतात.

बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत असता अशा घरात गारवा का असतो? दगड आणि माती यांचे जाड थर फार सावकाश तापतात. दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत सूर्य मावळू लागतो. सिमेंटचे पातळ छत मात्र लवकर तापते आणि रात्री तीच उष्णता आपल्या अंथरुणावर ओतीत राहते.

छत थंड राखण्याची याहून चतुर युक्ती छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्कीत पाहावयास मिळते. तेथील हौद १६४ फूट लांब आणि ३१ फूट रुंद आहे. या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत! डोक्यावर पाणी असल्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही शीतल राहते.

मग सर्वांनी जुनीच घरे बांधावीत काय? तसेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गळती थांबावी म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे माती चढविलेली होती. खाली भिंतींतील दगड केवळ मातीच्या आधाराने रचलेले होते. थंडावा देणारे तेच ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले.

म्हणून आता असे घर राखताना जाणते कारागीर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवितात. दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना वेढणारा, लोखंडी सळयांचा काँक्रीटचा पट्टा घालतात. छपरावरील माती कमी करून तिच्याखाली पाणी न झिरपणारे प्लॅस्टिक अंथरतात. वीज, पंखा, नळ या सोयीही अशा घरात सुखाने नांदतात. मात्र नळ मातीच्या भिंतीतून नेणे बरे नव्हे. एखादी बारीक गळतीही माती हळूहळू विरघळवून टाकते. स्नानगृह यासाठी परसाच्या बाजूस, निराळ्या पक्क्या विटांचे बांधावे.