सुतारकाम सम्यक आजीविका केव्हा ठरते?

अंगुत्तर निकायात तथागतांनी उपासकांसाठी पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. सुतारकाम त्या यादीत नाही. म्हणून आयटीआय करून रंधा-पटाशी हाती घेतलेल्या आपल्या तरुणाला वाटते, आपली आजीविका सम्यकच आहे. पण तो काम कुठे करतो, ते आधी पाहू.

बहुतेक वेळा तो इंटिरियर कॉन्ट्रॅक्टरच्या साइटवर असतो. नव्या इमारतीतला बंद फ्लॅट, हातात कटर, समोर प्लायवूड आणि एमडीएफचे थर, तोंडाला फार तर रुमाल. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, नाकाच्या पोकळीचा विशेषतः, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच प्रसिद्ध केला. स्वस्त प्लाय आणि एमडीएफ ज्या गोंदाने चिकटवतात त्यात बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड असते. फॉर्मल्डिहाइडही त्याच संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांत मोडते. बारीक धूळ रुमालातून सहज आत जाते. विषाचा व्यापार यादीत आहे, आणि इथे ते विष विकणारा एक, श्वासात घेणारा दुसरा.

हा दुसरा माणूस काहीही ठरवू शकत नाही. कोणता प्लाय आणायचा, धूळ ओढणारे यंत्र घ्यायचे की नाही, हे कॉन्ट्रॅक्टर ठरवतो, आणि ते पैसे त्याच्या नफ्यातून जातात. म्हणून पर्यावरणाचा प्रश्न इथे आधी मालकीचा प्रश्न आहे. यावर आपल्याकडे एक उत्तर हमखास ऐकू येते : आपलाही माणूस शेठ झाला पाहिजे. जरूर व्हावा. पण आपल्या समाजाचा शेठही तोच प्लाय आणून तीच मजुरी देणार असेल, तर कटर धरणाऱ्याच्या फुप्फुसाला काय फरक पडला? १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही कामगारांचा शत्रू म्हटले होते. त्यातला दुसरा शत्रू आपण सोयीने विसरतो.

कामगारांच्या मालकीचा उद्योग ही कल्पना भारतात शंभर वर्षे जुनी आहे. केरळात जातिभेदाविरुद्ध उभे राहिलेले वाग्भटानंद यांच्या अनुयायांनी १९२५ मध्ये उरालुंगल येथे मजुरांची सहकारी संस्था काढली. आज ती रस्ते, पूल बांधणारी देशातील मोठी संस्था आहे. लाकूडकामाच्या जवळचे उदाहरण अमेरिकेत मार्थाज व्हिनियार्ड बेटावर आहे. तिथली साउथ माउंटन ही घरे बांधणारी कंपनी १९८७ मध्ये संस्थापकाने कामगारांच्या मालकीची केली; जुने लाकूड पुन्हा वापरण्यासाठीही ती ओळखली जाते.

महाराष्ट्रात १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान १० व्यक्ती एकत्र येऊन उत्पादक संस्था नोंदवू शकतात. शेअर कितीही असोत, मत एकच. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीत जातो आणि शेअरवरचा लाभांश १५ टक्क्यांपुढे देता येत नाही. म्हणजे पैसे गुंतवून बसणाऱ्यापेक्षा राबणाऱ्याचे पारडे जड ठेवता येते. अट एवढीच, की सभासद खरोखर राबणारे असावेत. कागदावर मजूर आणि प्रत्यक्षात ठेकेदार, अशा मजूर संस्था आपण पाहिल्या आहेत. दुसरी गळती हेल्परची. काम वाढले की चार पोरे रोजावर घेतली जातात आणि वर्षानुवर्षे रोजावरच राहतात. दहा सभासद मिळून एक शेठ तयार होतो. ठरावीक काळ काम केलेल्याला सभासदत्व मिळेल, हे उपविधीत पहिल्या दिवशीच लिहून घ्या.

आता लाकूड. सगळ्यात चांगले लाकूड बहुधा आधीच कापलेले असते. जुने वाडे पाडले जातात तेव्हा तुळया, चौकटी निघतात. ते सागवान कित्येक वर्षे वाळलेले असते, सहसा वाकत नाही. मात्र एकेक खिळा शोधून काढावा लागतो, नाहीतर करवतीचे पाते जाते. एका चौकटीमागे तास-दोन तास गेले तर ते तास दरात धरा. इथेच नवे गट फसतात : लाकूड स्वस्त मिळाले म्हणून फर्निचर स्वस्त देतात आणि स्वतःची मजुरी बुडवतात.

नवे घ्यायचे तर आंबा, बाभूळ, निलगिरी आहेत. आंब्याला कीड लवकर लागते; बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या द्रावणात भिजवून नीट वाळवल्यास ते टिकते. बांबूलाही हेच. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बाहेर आला, त्यामुळे शेतातला बांबू आणणे सोपे झाले. वनातले सागवान घेताना पावती आणि वाहतूक परवाना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. भुश्शाचेही दोन ढीग ठेवा. साध्या लाकडाचा भुसा शेणात मिसळून खतात जातो. प्लाय-एमडीएफचा भुसा चुलीतही घालू नये, गोंद जळून धुरात येतो.

हे महाग पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. ओशिवऱ्याच्या बाजारातल्या प्लायच्या पलंगाशी दरात स्पर्धा होणार नाही. पहिला ग्राहक आपला समाजच असावा लागेल. विहारांना बाक लागतात, वसतिगृहांना टेबले, वाचनालयांना कपाटे. जयंतीचे स्टेज दरवर्षी प्लाय आणि थर्माकोलचे होते आणि आठवड्यात कचऱ्यात जाते. नटबोल्टने जोडता-सोडता येणारे लाकडी स्टेज एकदा करून पाच-सहा मंडळांनी वाटून वापरता येईल. पुस्तकांच्या स्टॉलचेही तसेच. मात्र ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी स्टॉल हवे असतील तर ऑर्डर आणि आगाऊ रक्कम ऑगस्टमध्ये द्या, म्हणजे कारखान्याला लाकूड उधारीवर उचलावे लागणार नाही.