रजिस्टर पत्ता मॅक्रो

रजिस्टर पत्ता मॅक्रो म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये हार्डवेअरच्या रजिस्टरांचे पत्ते नावाने लिहिण्यासाठी किंवा सूत्राने काढण्यासाठी केलेली सी भाषेतील व्याख्या होय. चुकीचा पत्ता व्याकरणदृष्ट्या बिनचूक असू शकतो आणि कंपायलर तो निमूटपणे स्वीकारतो. त्यामुळे अशा मॅक्रोंचे परीक्षण हा ड्रायव्हर-विकासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

पार्श्वभूमी

ग्राफिक्स प्रोसेसर आपली शेकडो रजिस्टरे मेमरीच्या पत्त्यांवर उपलब्ध करून देतो. ठरावीक पत्त्यावर ठरावीक मूल्य लिहिले की पडद्याची रुंदी, ताजेपणाचा दर किंवा वीजपुरवठा बदलतो. एकाच प्रकारचे घटक चिपमध्ये अनेकदा असतात. उदाहरणार्थ, प्रत्येक पडद्यासाठी चित्र पुरवणाऱ्या स्वतंत्र मार्गाला ‘पाइप’ म्हणतात. प्रत्येक पाइपची रजिस्टरे सारखीच, परंतु वेगळ्या पत्त्यांवर असतात.

सूत्र

लिनक्समधील इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरमध्ये पाइप अ चे मुख्य नियंत्रण रजिस्टर षोडशमान ७०००८ या पत्त्यावर, तर पाइप ब चे ७१००८ वर आहे. समान अंतर गृहीत धरणाऱ्या मॅक्रोला असे दोनच पत्ते दिले जातात आणि उरलेले पुढील सूत्राने निघतात:

पत्ता = अ + क्रमांक × (ब − अ)

धुळे शहराच्या जुन्या भागातील गल्ल्यांना क्रमांक आहेत. पहिल्या दोन गल्ल्यांतील अंतर मोजून पाचवी गल्ली किती लांब आहे हे सांगता येईल. मात्र सर्व गल्ल्या समान अंतरावर असतील तरच. मॅक्रोच्या सूत्राचे गृहीतकही हेच आहे.

गृहीतक मोडते तेव्हा

इंटेलच्या ‘चेरीव्ह्यू’ चिपमध्ये तिसऱ्या पाइपची रजिस्टरे ७२००० पासून नव्हे, तर ७४००० पासून सुरू होतात. सामाईक पाया वगळता सूत्र ७२००८ देते, खरा पत्ता मात्र ७४००८ आहे. म्हणून अशा रजिस्टरांसाठी ड्रायव्हर प्रत्येक चिपची स्वतंत्र अंतर-सारणी वापरतो.

क्रमांक शून्य असताना वरील सूत्र नेहमी ‘अ’ देते आणि एक असताना नेहमी ‘ब’. म्हणजे दिलेले दोन पत्ते बरोबर असतील, तर एक किंवा दोन पडदे जोडून केलेल्या चाचणीत असमान अंतराची चूक दिसूच शकत नाही. ती तिसरा पडदा जोडणाऱ्या वापरकर्त्याच्या संगणकावर प्रकट होते. यामुळेच चाचणी यशस्वी झाली तरी परीक्षणाची गरज संपत नाही.

परीक्षणातील मुद्दे

* पत्ता: पहिल्या दोनच नव्हे, तर तिसऱ्या व त्यापुढील प्रत्येक घटकाचा पत्ता हार्डवेअरच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहणे.
* आरंभ: क्रमांक शून्यापासून सुरू होतो की एकापासून, हे तपासणे. एखादे रजिस्टर पहिल्या पोर्टला नसेल, तर सर्व पत्ते एका घराने सरकतात.
* कंस: मॅक्रो मजकूर जसाच्या तसा बसवतो. ‘न × ४’ या व्याख्येत न च्या जागी ‘क + १’ दिल्यास कंसाअभावी ‘क + १ × ४’ असा विस्तार होतो.
* पुनरावृत्ती: मॅक्रोत एखादा घटक दोनदा आला, तर त्याचे मूल्यमापनही दोनदा होते.
* मर्यादा: पत्ते यादीतून निवडले जात असल्यास क्रमांक यादीबाहेर जाणार नाही याची खात्री करणे.
* पुनर्रचना: बदल केवळ मांडणीचा असेल, तर आधीचे व नंतरचे पत्ते तंतोतंत जुळले पाहिजेत.

कंपायलरची मदत

पूर्वी आय९१५ मध्ये पत्ता आणि मूल्य दोन्ही साध्या ३२ बिटी संख्या होत्या; त्यांची अदलाबदल झाली तरी कंपायलर हरकत घेत नसे. २०१५ मध्ये पत्त्यासाठी एकसदस्यीय स्ट्रक्चरचा स्वतंत्र प्रकार आणला गेला आणि अशी अदलाबदल संकलनातच अडू लागली. काही मॅक्रो भोवतालच्या फंक्शनमधील ठरावीक नावाचा चल गुपचूप वापरत असत. २०२४ मध्ये अनेक मॅक्रोंत तो उघडपणे देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. कंपायलर प्रकार तपासतो. पत्ता खरा आहे की नाही, हे मात्र त्याला कळत नाही.

इतर ड्रायव्हर

एएमडीच्या ड्रायव्हरमधील रजिस्टरांच्या शीर्षक-फाइली लाखो ओळींच्या आहेत. तेथे मॅक्रो घटकसंच, त्याची प्रत आणि रजिस्टरचे नाव यांवरून अंतर शोधतो. हे अंतर ३२ बिटी शब्दांत मोजलेले असल्याने बाइटमधील पत्त्यासाठी त्याला चारने गुणावे लागते. फ्रीड्रिनो प्रकल्पात रजिस्टरांचे वर्णन एक्सएमएलमध्ये लिहून त्यावरून शीर्षक-फाइली तयार केल्या जातात. यामुळे हाताने होणाऱ्या चुका कमी होतात, परंतु मूळ वर्णनातील चूक सर्वत्र पसरते; म्हणून परीक्षणाचा भार त्या वर्णनावर येतो.

हे सुद्धा पहा

* लिनक्स
* सी (प्रोग्रॅमिंग भाषा)
* ग्राफिक्स प्रोसेसर