जोडीदारामागे उरलेले घर आणि वाडी

भारताच्या २०११ च्या जनगणनेत चार कोटींहून अधिक स्त्रियांची नोंद विधवा म्हणून झाली आणि विधुरांची संख्या त्या मानाने पुष्कळच कमी भरली. पत्नी वयाने लहान असणे, स्त्रियांचे आयुर्मान अधिक असणे आणि पुनर्विवाहाची वाट पुरुषांना तुलनेने मोकळी असणे, ही त्यामागची मुख्य कारणे होत. या माणसांच्या पेन्शनचा, आजारपणाचा आणि एकटेपणाचा विचार थोडाफार होतो, परंतु जे घर आणि जी बाग दोघांनी मिळून उभी केली ती एकट्याने चालवायची कशी, हा प्रश्न खाजगी म्हणून बाजूला राहतो. तो सर्वाधिक तीव्रतेने जाणवतो तो कोकणात, कारण तेथील कौलारू घर आणि त्याला लागून असलेली नारळ-सुपारीची वाडी यांना वर्षभर माणसाचा हात लागतो, आणि नेमक्या याच प्रदेशातली तरुण पिढी कित्येक दशके मुंबईला जात आली आहे. रत्नागिरी जिल्ह्यात त्याच जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या, यावरून गावात मागे कोण राहते हे स्पष्ट होते.

जोडीदार गेल्यावर कामाचे दोन हात कमी होतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात त्याहून मोठी हानी ज्ञानाची असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये एक संकल्पना मांडली, तिला मराठीत ‘वाटून घेतलेली स्मृती’ म्हणता येईल. दीर्घकाळ एकत्र राहणारी दोन माणसे प्रत्येक गोष्ट दोघांनी लक्षात ठेवत नाहीत; काही बाबी एकाकडे, काही दुसऱ्याकडे अशी वाटणी नकळत होते आणि प्रत्येकाला फक्त ‘हे कोणाला ठाऊक आहे’ एवढेच ठाऊक असते. पावसात कोणत्या कोपऱ्यातले कौल गळते, विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर का अडकतो, वाडीच्या कोणत्या आळ्याला, म्हणजे झाडाभोवती पाणी साठावे म्हणून केलेल्या खळग्याला, किती वेळ पाणी सोडायचे, गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, हद्द कोठून धरली आहे, हे सारे अनेक घरांत पतीच्या डोक्यात असते. तर तांदळाला कीड लागू नये म्हणून काय करायचे, आमसुले कधी वाळवायची, कोणाकडून किती उसने आले आहे आणि औषधाची कोणती गोळी कोणत्या वेळेची, हे पत्नीला ठाऊक असते. माणूस गेले की स्मृतीचा तो अर्धा भाग त्याच्याबरोबर जातो. म्हणूनच चाळीस वर्षे त्याच घरात राहिलेली व्यक्तीही काही आठवड्यांत स्वतःच्या घरात गोंधळून जाते, आणि हा गोंधळ म्हणजे आपली बुद्धी मंदावल्याचे लक्षण आहे अशी तिची समजूत होते. ती समजूत चुकीची आहे, हे तिला कोणीतरी आवर्जून सांगितले पाहिजे.

शोकाच्या अभ्यासातही घरकामाला यापूर्वी न मिळालेले स्थान मिळाले आहे. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये शोकाचे ‘दुहेरी प्रक्रियेचे प्रारूप’ मांडले. त्यानुसार शोकाकुल व्यक्ती दोन बाजूंमध्ये सतत ये-जा करीत असते. एका बाजूला गेलेल्या माणसाची आठवण, रडणे, फोटो पाहणे असते. दुसऱ्या बाजूला मृत्यूमुळे बदललेल्या आयुष्याची घडी बसवणे, म्हणजे गेलेला माणूस करीत असलेली कामे शिकणे, व्यवहार हाती घेणे, नवी ओळख स्वीकारणे असते. या दोन्हींपैकी एकीतच अडकून पडणे हानिकारक, आणि दोन्हींमधली ये-जा मात्र स्वाभाविक, असे हे प्रारूप सांगते. तेव्हा नवऱ्याच्या दहाव्या-बाराव्यानंतर पंधरवड्यातच वाडीत शिंपण्याला उभी राहिलेली स्त्री निर्दय ठरत नाही, आणि दुपारी झाडाचे आळे साफ करताना एकाएकी रडू कोसळले म्हणून ती दुबळीही ठरत नाही. बारावे होताच ‘आता घर बंद करून मुंबईला चल’ असा आग्रह धरणारी मुले प्रेमानेच बोलत असतात. परंतु त्या आग्रहाने माणसाच्या हातून शोकाचे अर्धे कामच काढून घेतले जाते, याची जाणीव त्यांना नसते.

हरवलेली स्मृती पुन्हा जमवण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे एक वही आणि एक पूर्ण वर्ष. कोकणातल्या घराची देखभाल नक्षत्रांवर चालते. रोहिणी लागण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याआधी, आगोटीची कामे, म्हणजे पावसापूर्वीची सारी तयारी उरकावी लागते. कारण मृगाच्या सुमारास दक्षिण कोकणात मोसमी पाऊस पोहोचतो आणि पुढील चार महिन्यांत अडीच ते तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाणी छपरावर पडते. या वहीत सुतार, गवंडी, पंप दुरुस्त करणारा आणि नारळ काढणारा यांची नावे, त्यांना गेल्या वर्षी दिलेली मजुरी, पाण्याच्या नळाची मुख्य झडप कोठे आहे, विजेचा मेन स्विच कोणता, अशा गोष्टी जसजशा समोर येतील तसतशा लिहाव्यात. ही माहिती बहुधा गड्याकडून मिळते, कारण मालकाबरोबर वीस वर्षे राबलेल्या माणसाला वाडीतले जे ठाऊक असते ते मुलांना क्वचितच ठाऊक असते.

आगोटीच्या कामांत पहिले काम छपराचे. मंगलोरी कौलांचे छप्पर वेळोवेळी शाकारावे लागते. शाकारणी म्हणजे कौले उतरवून, साफ करून, फुटकी बदलून पुन्हा बसवणे आणि त्याच वेळी खालचे वासे व रिपा वाळवीने पोखरल्या आहेत काय हे तपासणे. हे काम एकट्या माणसाने, विशेषतः साठीनंतर, स्वतः शिडीवर चढून कधीही करू नये. घरात दुसरे कोणी नसताना माणूस पडला तर ते तासन्‌तास कोणाच्या लक्षात येत नाही, आणि खुब्याचे हाड मोडले की स्वतंत्रपणे राहण्याचा प्रश्नच बहुधा निकालात निघतो. शेजारच्या दोन-तीन घरांनी एकाच वेळी माणसे लावली तर मजुरी आवाक्यात येते. कौले काढून पत्रा घालावा काय, या प्रश्नावर गावोगावी वाद आहे. पत्र्याखाली उन्हाळ्यात उकाडा होतो आणि पावसाचा आवाज सोसवत नाही, हे खरे. तरीही जिथे शाकारणीला माणूसच मिळत नाही तिथे घराचा वापरातला भाग पत्र्याखाली आणण्यात घराण्याचा कोणताही अपमान नाही. न वापरलेल्या खोल्या मात्र कायम बंद ठेवू नयेत. वारा आणि धूर लागत नसलेल्या लाकडात वाळवी लवकर शिरते, म्हणून आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडणे आवश्यक असते. त्याच फेरीत पन्हळीत, करवंट्यांत आणि टाक्यांत साठलेले पाणी ओतून टाकावे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो.

वाडीचा प्रश्न छपरापेक्षा अवघड आहे, कारण झाडे थांबत नाहीत. उंच जातीच्या नारळावर चढणारी माणसे कोकणात आणि गोव्यात दोन्हीकडे दुर्मीळ झाली आहेत. गोव्यात ज्याला पाडेली म्हणतात तो व्यवसाय पुढच्या पिढीने फारसा उचललेला नाही. नारळ विकास मंडळाने चढण्याच्या यंत्रावर तरुणांना शिकवण्याचा उपक्रम २०११ पासून चालवला आहे आणि अशा प्रशिक्षित माणसाचा पत्ता कृषी कार्यालयातून मिळू शकतो. सुपारीला पावसाआधी बोर्डो मिश्रण फवारावे लागते. मोरचूद आणि चुना यांचे हे एक टक्का द्रावण, म्हणजे शंभर लिटर पाण्यात प्रत्येकी एक किलो, कोळे रोगापासून, म्हणजे पावसाळ्यात कोवळी फळे कुजवून गाळणाऱ्या बुरशीपासून, घडांचे रक्षण करते, परंतु त्यासाठीही झाडावर चढणारा लागतोच. मोडून पडलेली माडाची खोडे वाडीत कुजत ठेवू नयेत, कारण गेंड्या भुंगा तिथेच वाढतो आणि मग उभ्या माडांच्या कोंबावर जातो. थंडी-उन्हाळ्यात गवत वाळते तेव्हा आंबा-काजूच्या बागेभोवती जाळरेषा, म्हणजे वणवा आत येऊ नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, आखून घ्यावी. बेणणी, म्हणजे झाडांखालचे रान साफ करणे, करताना बूट आणि हातात काठी हवीच. जांभ्याच्या गडग्यात आणि लाकडांच्या ढिगात फुरसे असण्याचा संभव मोठा असतो, आणि सर्पदंश झाल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून सरकारी रुग्णालय गाठणे हाच एक उपाय आहे.

एवढी कामे पाहिल्यावर जे सांगायला हवे ते असे की एका माणसाने दोन माणसांची वाडी जशीच्या तशी चालवण्याचा हट्ट धरू नये. दिवंगत जोडीदाराने लावलेले झाड मरू देणे हा विश्वासघात वाटतो, आणि ही भावना खोटी नाही. तरीही घराला आणि बागेला एका माणसाच्या मापाचे करून घेणे हाच दीर्घकाळ टिकणारा मार्ग आहे. घराजवळची चार-पाच गुंठे वाडी नेटाने करावी, तिथे ठिबक सिंचन बसवावे आणि आळ्यांत पातेऱ्याचे, म्हणजे वाळलेल्या पानांचे, आच्छादन घालावे, म्हणजे पाणी आणि श्रम दोन्ही वाचतात. उरलेल्या भागात नारळ, आंबा किंवा काजू अशी कमी राबणूक मागणारी झाडे तेवढी राखावीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नारळात जायफळ, दालचिनी, काळी मिरी लावण्याची ‘लाखी बाग’ शिफारस केली आहे आणि ती उत्पन्नाच्या दृष्टीने उत्तम आहे, परंतु तिला सततची मेहनत लागते. ती एकट्या वृद्ध व्यक्तीवर लादू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या पट्ट्यातल्या हजारो सुपाऱ्या आणि माड आडवे केले, तेव्हा हा पेच उघड झाला. नव्या सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, आणि सत्तरीतल्या एकट्या माणसाने ती लावायची कोणासाठी? याचे उत्तर ज्याने त्याने द्यायचे असते. केळीसारखे वर्ष-सव्वा वर्षात हाती येणारे पीक तोवर आधार देते, एवढे मात्र निश्चित.

वाडी दुसऱ्याला करायला द्यावी तर कूळ लागेल, ही कोकणातली जुनी भीती. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमिनीची मालकी दिली, हा न्यायाचा मोठा टप्पा होता. विधवा जमीनमालकांसाठी त्या कायद्यात वेगळी तरतूदही करण्यात आली. मात्र त्या काळची धास्ती आजही अनेक वाड्या ओसाड पडण्याचे कारण ठरते. जमिनीचा ताबा न देता केवळ एका हंगामाच्या फळांच्या विक्रीचा लेखी करार, वकिलाला दाखवून, करणे हा त्यावरचा व्यवहार्य तोडगा आहे.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी ते लांबणीवर टाकणे सर्वांत महाग पडते. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करून दाखल्याच्या अनेक प्रती घ्याव्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यावी लागते. त्यावरून फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, घेतली जाते, हरकतींसाठी मुदत ठेवली जाते आणि मंडळ अधिकाऱ्याच्या मंजुरीनंतर सातबाऱ्यावर नाव येते. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीचा उतारा, आणि वीजजोडणी यांवरचे नाव स्वतंत्रपणे बदलावे लागते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पतीच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना समान वाटा मिळतो. हे माहीत नसल्याने अनेक विधवा दुःखाच्या पहिल्या दिवसांतच हक्कसोडपत्रावर सही करून बसतात. पहिले वर्ष अशा कोणत्याही कागदावर सही करू नये. घर मुलाच्या नावे करायचेच असेल तर सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहावी, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ अशी अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करण्याचा मार्ग देते, आणि अट लिहिलेली असली की दाद मागणे सोपे जाते.

विधुरांची अडचण वेगळी आणि बरीच अबोल असते. छप्पर आणि वाडी त्यांना कळते. परंतु चूल, कपडे, सणवार आणि नातेसंबंध पत्नीच्या हाती राहिलेले असल्याने त्यांचे जेवण बिघडते आणि माणसे तुटतात. भात, आमटी आणि एक भाजी रोज स्वतः शिजवता येणे ही त्यांच्यासाठी आरोग्याची बाब आहे. स्त्रियांच्या वाट्याला मात्र याखेरीज समाजाचा अडसर येतो. बाईच्या सांगण्यावरून काम न करणारे मजूर, तिच्याकडून अधिक पैसे मागणारे कारागीर आणि तिला शुभकार्यात मागे उभे करणारे आप्त, या सर्वांना तोंड देत तिला घर चालवावे लागते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम चालवून पतीने हयातीतच काही जमीन पत्नीच्या नावे करावी असा आग्रह धरला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. पहिली गोष्ट मालकीची आणि दुसरी मानाची. एकट्या स्त्रीला घर राखायचे तर दोन्ही लागतात.

ज्या घरांत आज दोघेही आहेत त्यांनी येत्या रोहिणीपूर्वी सातबाऱ्यावर आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर दोघांची नावे आहेत काय हे पाहावे, आणि वाडीची वही दोघांनी बसून लिहायला घ्यावी.