नवाहोंच्या वाळवंटात मेहमान म्हणून

लाल वाळूच्या मैदानातून वर आलेले प्रचंड सुळके आणि त्यांच्यापुढून जाणारा एकटा घोडेस्वार, हे दृश्य हॉलिवूडच्या जुन्या सिनेमांत अनेकांनी पाहिले असेल. ही अमेरिकेतील मॉन्युमेंट व्हॅली. १९३९ च्या ‘स्टेजकोच’ने ती जगभर पोहोचवली. पडद्यावर ती ओसाड दिसते. प्रत्यक्षात तिथे नवाहो लोकांची वस्ती आहे, त्यांची घरे आहेत.

ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला नवाहोंचा मुलूख सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव हिश्श्याएवढा. तिथे त्यांचे स्वतःचे सरकार, पोलीस आणि न्यायालये आहेत. उन्हाळ्यात त्यांचे घड्याळही बाकीच्या ॲरिझोनाच्या एक तास पुढे असते! आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल: या मुलखात बहुतेक ठिकाणी दारूबंदी आहे.

कॅनियन डि शे या दरीच्या तळाशी आजही नवाहो कुटुंबे शेती करतात, मेंढ्या पाळतात. वरच्या कड्यांवरून दरी कोणीही पाहावी. खाली उतरायचे तर नवाहो वाटाड्या सोबत हवा. काही प्रवाशांना हे जाचक वाटते. पण १८६४ साली याच दरीत किट कार्सनच्या मोहिमेतील सैनिक बिनइजाजत घुसले होते. त्या मोहिमेत घरे, पिके जाळली गेली, पीचच्या बागा तोडल्या गेल्या. हजारो नवाहोंना, बायकामुलांसह, शेकडो किलोमीटर चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेले. तिथे उपासमारीने आणि रोगांनी शेकडो दगावले. १८६८ च्या करारानंतर उरलेले वतनात परतले. ज्यांच्या पूर्वजांवर ही वेळ आली, त्यांनी पाहुण्याला दारात थांबवले तर बिघडले कुठे?

शिपरॉक हा सुळका मैदानातून सुमारे ४८० मीटर उंच उठतो. त्याच्या नवाहो नावाचा अर्थ ‘पंख असलेला खडक’. तो त्यांना पवित्र आहे. १९७० पासून त्यावर चढाई बंद आहे. तो दुरूनच पाहायचा.

अँटिलोप कॅनियनच्या अरुंद घळीत तर वाटाड्या जिवासाठीच लागतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा अचानक घळीत शिरला आणि ११ पर्यटक बुडाले. आता तिथे वाटाड्याशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत.