पहिला नंबर... पण किती दिवस?

आठवड्याभराचं कंटेंट रायटिंग एआय आता चहा गार व्हायच्या आत करून देतं. मग मशीनला कामाला लावायचं, गुगलच्या पहिल्या पानावर झळकायचं आणि आपण निवांत बसायचं, असंच ना? जरा थांबा बॉस, फंडा एवढा सोपा नाही!

सोमवारची सकाळ. ट्रॅफिकशी झटापट करून तुम्ही कसेबसे ऑफिसात टेकता, तोच मीटिंगचं बोलावणं. बॉस भलताच खुशीत. 'आपल्या साइटवर महिन्याला किती लेख जातात? आठ? आता दोनशे गेले पाहिजेत. एआय आहे की!' सगळे माना डोलावतात. कंटेंट टीममधली मंडळी मात्र एकमेकांकडे बघतात. प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न, आपली नोकरी राहणार का?

त्याचं उत्तर दुसऱ्या एका प्रश्नात दडलंय. हे दोनशे लेख खरंच चालतील का? उत्तर आहे, हो, चालतीलही. पण थोडेच दिवस!

गुगलला हवंय तरी काय?

१९९८ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी गुगल सुरू केलं, तेव्हा त्यांची आयडिया साधी होती. एखाद्या पानाकडे बोट दाखवणाऱ्या लिंक जितक्या जास्त आणि जितक्या वजनदार, तितकं ते पान वर. म्हणजे गावात ज्याला चार मोठी माणसं ओळखतात, त्याचा मान मोठा! पुढे यात असंख्य गोष्टींची भर पडली. अमेरिकेतल्या एका खटल्यात २०२३ साली गुगलचे अधिकारी पांडू नायक यांनी साक्ष दिली, तेव्हा 'नॅव्हबूस्ट' नावाच्या यंत्रणेची चर्चा झाली. लोक सर्च केल्यावर कशावर क्लिक करतात, याचा १३ महिन्यांचा हिशेब ती ठेवते. थोडक्यात काय, तुम्ही लेख कसा लिहिलात याच्याइतकंच वाचणाऱ्याने त्याचं काय केलं, यालाही महत्त्व आहे.

मग मशीनने लिहिलेलं गुगलला चालतं का? यावर गुगलने आपली भाषा कशी बदलली, ते बघण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी 'हेल्पफुल कंटेंट' अपडेट आणलं, तेव्हा भर होता 'लोकांनी लोकांसाठी लिहिलेल्या' मजकुरावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी स्पष्ट केलं, मजकूर कसा तयार झाला याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, दर्जा महत्त्वाचा. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'लोकांनी' हा शब्द गुपचूप गळाला. उरलं फक्त 'लोकांसाठी'.

म्हणजे एआयला रान मोकळं? अनेकांना तेव्हा तसंच वाटलं होतं.

एक्सेलवाल्यांवर दरोडा

व्ही-लुकअप अडलं की आपण काय करतो? गुगल करतो. तेव्हा हमखास समोर येणारी साइट म्हणजे 'एक्सेलजेट'. एकेक फॉर्म्युला, सोप्या उदाहरणांसकट, वर्षानुवर्षं खपून मांडलेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका एसईओवाल्याने सोशल मीडियावर छाती फुगवून सांगितलं, की आपण या स्पर्धकावर 'दरोडा' घातला. पद्धत काय? एक्सेलजेटचा साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, उचलायची. त्यावरून मथळे तयार करायचे आणि एआयकडून १,८०० लेख पाडून घ्यायचे. त्याच्याच दाव्यानुसार त्यातून क्लायंटच्या साइटला ३६ लाख व्हिजिट्स मिळाल्या!

पोस्ट व्हायरल झाली, लोक खवळले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच त्या साइटचं ट्रॅफिक धाडकन कोसळलं. आग लागून विझावी, तसा खेळ आटोपला. एक्सेलजेट मात्र आहे तिथेच आहे. उद्या फॉर्म्युला अडला की तुम्ही पुन्हा तिकडेच जाल.

तीनशेचे दहा हजार तीनशे

'पण आमची साइट मोठी आहे, आमचं नाव आहे,' असं म्हणणाऱ्यांसाठी पुढची गोष्ट. 'सीनेट' हे अमेरिकेतलं टेक्नॉलॉजी पत्रकारितेतलं जुनंजाणतं नाव. नोव्हेंबर २०२२ पासून त्यांनी पैशांविषयीचे ७७ लेख एआयकडून लिहून घेतले. विषयही असे, की लोक सतत सर्च करतात. चक्रवाढ व्याज म्हणजे काय, वगैरे. जानेवारी २०२३ मध्ये बोभाटा झाला. चक्रवाढ व्याजाच्या लेखात म्हटलं होतं, १०,००० डॉलर ३ टक्क्यांनी ठेवलेत तर वर्षाअखेरीस तुमची कमाई होईल १०,३०० डॉलर. अहो, कमाई ३०० डॉलरची! बाकीचे दहा हजार आपलेच होते की. सातवीतल्या पोरानेही ही चूक पकडली असती. फेरतपासणीनंतर ७७ पैकी ४१ लेखांमध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या. पुढे विकिपीडियाच्या संपादकांनीही सीनेटचा विश्वासार्हतेचा दर्जा खाली आणला.

गंमत म्हणजे भाषा झकास होती. व्याकरण चोख, परिच्छेद आखीवरेखीव. चुकलं होतं ते फक्त गणित. आणि वाचक तिथे गणितासाठीच तर आला होता!

मार्च २०२४चा दणका

५ मार्च २०२४ला गुगलने नवे नियम जाहीर केले. त्यातल्या एकाचं नाव 'स्केल्ड कंटेंट अब्यूज'. साध्या मराठीत सांगायचं तर रँकिंग लाटण्यासाठी घाऊक भावात पाडलेला मजकूर. तो मशीनने पाडला, माणसाने पाडला की दोघांनी मिळून, याने फरक पडत नाही. वाचकाला त्यात काही मिळत नसेल, तर तो स्पॅम. काही साइट्स नुसत्या खाली घसरल्या नाहीत, गुगलच्या यादीतूनच गायब झाल्या. रात्री दुकान होतं, सकाळी पाटीसुद्धा नाही! त्या मोहिमेनंतर सर्चमधला निकृष्ट, उसना मजकूर ४५ टक्क्यांनी कमी झाल्याचं गुगलने सांगितलं.

जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. सर्चचे रिझल्ट तपासायला गुगलने माणसं नेमलेली असतात. त्यांच्या नियमपुस्तिकेत लिहिलं गेलं, की जवळपास सगळा मजकूर एआयने तयार केलेला असेल आणि त्यात मेहनत किंवा नवं काही नसेल, तर त्याला सगळ्यात खालचा शेरा द्या. या शेऱ्याने एखाद्या पानाचा नंबर थेट हलत नाही. पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय, ते कळतं.

हे सगळं नवीन आहे, असंही समजू नका. २०११ मध्ये स्वस्तात लेख पाडणाऱ्या 'कंटेंट फार्म्स'चं पेव फुटलं होतं. तेव्हा लिहिणारी माणसंच होती. गुगलने 'पांडा' अपडेट आणलं आणि अनेकांची दुकानं बसली. म्हणजे भांडण मशीनशी नव्हतंच कधी. भांडण आहे रिकाम्या डब्याशी.

मराठीत तर चालतंय ना?

'इंग्रजीत स्पर्धा आहे, मराठीत कोण बघतंय? इंग्रजी लेख उचलायचा, मशीनमधून काढायचा की झाला मराठी लेख!' हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. पण दुसऱ्याचा मजकूर उचलून आपोआप भाषांतर करून टाकणं, हेही त्याच २०२४च्या नियमात मोडतं. आणि वाचकाचं काय? हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेबद्दल मशीनला विचारा. रेनकोट घ्या, पाणी घ्या, निसर्गाचा आनंद लुटा, असं छान सांगेल. पण कुठल्या दगडावर पाय सटकतो, हे तिथे ढोपर फोडून घेतलेला माणूसच सांगणार. दर्जा तपासण्याच्या निकषांमध्ये गुगलने डिसेंबर २०२२ मध्ये 'अनुभव' हा शब्द घातला, तो याचसाठी. मशीनने हजार जणांचं वाचलेलं असतं, पण एकदाही गड चढलेला नसतो.

आता तर आणखी एक भानगड आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच ऑगस्टमध्ये भारतात गुगलने सर्चच्या डोक्यावर एआयचा सारांश द्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२५ मध्ये अभ्यास केला, तेव्हा सारांश दिसला तर १०० पैकी जेमतेम ८ वेळा लोक खालच्या लिंकवर जात होते. सारांश नसेल तर १५ वेळा. म्हणजे जे मशीन लिहू शकतं, ते गुगलचं मशीन वरच सांगून मोकळं होतं. तोच मजकूर वाचायला तुमच्या साइटवर कोण कशाला येईल?

मग बॉसला काय सांगायचं?

एआय वापरायचंच नाही, असं अजिबात नाही. मुद्दे काढून घ्या, आराखडा मांडा, शीर्षकाचे दहा पर्याय मागा, शुद्धलेखन तपासा. आकडे मात्र स्वतः पडताळा. आणि प्रत्येक लेखात अशी एक तरी गोष्ट घाला, जी फक्त तुमच्या कंपनीला, तुमच्या ग्राहकाला किंवा तुम्हाला माहीत आहे. सर्व्हिस टीमकडे रोज येणाऱ्या तक्रारी, फसलेला एखादा प्रयोग, स्वतः वापरून बघितलेली वस्तू. हा माल कुठल्याच मशीनकडे नाही.

तेव्हा पुढच्या सोमवारी मीटिंगमध्ये दोनशेचा आकडा निघाला, की घाबरू नका. शांतपणे विचारा, 'सर, यातल्या किती लेखांत आपल्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही आहे?' बहुधा उत्तर आठच येईल. ते आठ मन लावून लिहा. आणि हो, त्यासाठी माणूस लागतो, हेही जाताजाता सांगून टाका!